मिशी अडकली चापात

माझे मामा म्हणजे झाडांचे न्हावी. हे आपलं मी म्हणतो. त्यांच्यासमोर म्हटलं तर कानाखाली बसेल. ते स्वतःला झाडांचे वैद्य म्हणवतात. कंबरेला पट्टा, पट्ट्याला दोर आणि करवत, आणि नाकाखाली अशी मिशी, की दारातून आधी ती आत यायची आणि मागून मामा. "फांदी खोडाला खेटून कापू नये, जखम भरत नाही," हे त्यांनी माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांनाही ऐकवलं होतं.

वाचनालयाच्या अंगणातला जुना शिरीष मात्र मामांचा जीव की प्राण. त्याच्यावरच ते चढायला शिकले. यंदा त्याच्या दोन थोरल्या फांद्यांच्या बेचक्यात चीर पडली, आणि नगरपालिकेचे साहेब झाड पाडणारी माणसं घेऊनच हजर झाले. मामा आडवे आले. "दोन्ही फांद्या वरून पोलादी तारेनं एकमेकींना बांधतो. मग झाड पडलं तर मिशी उतरवीन!"

साहेब म्हणाले, "चार वाजेपर्यंत बांधा. नाहीतर आमची करवत चालणार."

मामा चढले. शेंड्याकडचा जादा भार छाटला, दोन्ही फांद्यांना भोकं पाडून बोल्ट बसवले, तार ताणली. चीर मिटली. आता तारेच्या टोकावर चाप आवळला की झालं. पण चष्मा लावणं मामांना कमीपणाचं वाटतं, म्हणून ते नाक तारेला टेकवून नट पिळत होते. शेवटचा पीळ दिला, मान मागे घेतली, तर मान येईना. उजवी मिशी चापात!

खालून मामी ओरडली, "अहो, झालं ना? उतरा की!"

"मी उतरतो गं, पण मिशी येत नाहीये!"

"कुठे येत नाहीये?"

"माझ्याबरोबर!"

अंगणात हशा पिकला. चाप सैल करावा तर तार सुटणार, चीर पुन्हा उघडणार, आणि चार वाजायला उरलेली दहा मिनिटं. पाडणाऱ्यांनी यंत्र सुरूही केलं. मला रडूही येत होतं आणि हसूही. सांगायला लाज वाटते, पण हसू जास्त.

मामांनी एकदा खालच्या यंत्राकडे पाहिलं. मग त्यांनी पट्ट्याची करवत काढली. "एका वेळी पाव भागाहून जास्त छाटू नका," म्हणून जन्मभर गिऱ्हाइकांचं डोकं खाणाऱ्या माणसानं मिशीची अख्खी उजवी बाजू उडवली. खर्र, आई गं! खर्र, आई गं! असं बराच वेळ चाललं.

साहेब शिडी लावून वर गेले, तार हलवून पाहिली. जागची हलेना.

"चापात हे केस कसले?"

"पॅकिंग," मामा म्हणाले.

साहेबांनी कागदावर सही केली आणि माणसं परत पाठवली. शिरीष वाचला.

मामा खाली आले. लोक पोट धरधरून हसत होते. मामी तरातरा पुढे झाली. म्हटलं, आता मामांची काही खैर नाही. तिनं त्यांच्या हातातली करवत काढून घेतली.

"घरी चला," ती हळूच म्हणाली, "उरलेली मी कापते. तुमचे हात थरथरताहेत."

तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. हात खरोखरच थरथरत होते. मामा मान वर करून शिरीषाकडे बघत उभे होते, आणि ते हात लपवायचंही त्यांना सुचलं नव्हतं.