बांबूची लांबी आणि टॅनची किंमत

माझी मोठी बहीण लग्नानंतर काही वर्षांनी दहावीला बसली. बाकीचे विषय सुटले, गणित राहिलं. फेरपरीक्षा एकदाच द्यायची, नाही जमलं तर शिक्षण बंद, असं सासरी ठरलं होतं. अभ्यासाला ती चोपड्याजवळ माहेरी आली. मीही जळगावच्या वर्तमानपत्रातून सुट्टी काढून घरी होतो.

त्रिकोणमितीचा तक्ता तिला पाठ होता. टॅनच्या ओळीत फक्त नव्वदसमोर ‘निश्चित करता येत नाही’ असं छापलेलं होतं, त्यावर ती अडली. बाकी सगळ्यांना किंमत आहे, मग यालाच का नाही?

ती कंपास आणि टेप घेऊन केळीच्या बागेत गेली. घडाच्या वजनाने झाड कलू नये म्हणून बांबूचा तिरपा टेकू लावतात. जमिनीशी बरोबर पंचेचाळीस अंशांचा एक टेकू तिने शोधला. उंची भागिले पाया म्हणजे टॅन. उत्तर एक यायला हवं होतं, ते जवळपास एक पूर्णांक चार आलं. तिने तीनदा मोजलं. पुस्तकच चुकलं, असं तिचं मत झालं.

चूक उंचीत होती. बागेत टेकूची उंची म्हणजे बांबूची लांबी. विकत घेतानाही तसंच विचारतात. तिनेही तीच मोजली होती. मग तिने बांबूच्या टोकाला दगड बांधून दोरी खाली सोडली. दोरीची लांबी आणि पाया सारखे भरले. बांबू हा कर्ण होता. पायाचा वर्ग अधिक दोरीचा वर्ग म्हणजे बांबूचा वर्ग. सगळ्याला पायाच्या वर्गाने भागल्यावर एक अधिक टॅन वर्ग बरोबर सेक वर्ग हे सूत्र कागदावर आपोआप उतरलं.

मग तिने वडिलांना टेकू सरळ उभा करायला सांगितला.

“सरय टेकू कोन लावस?” आबा म्हणाले. “लोक हसतीन माले.”

तरी त्यांनी बांबू हळूहळू उचलला. पाया आखडत गेला, भागाकार वाढत गेला. बांबू ताठ झाला तेव्हा दगड थेट बुडाच्या वर, बांबूला लागून लोंबत होता.

“पायाच उरला नाही,” ती म्हणाली. “भागू कशाने?”

फेरपरीक्षेत तेच सूत्र सिद्ध करायला आलं. ती पास झाली आणि अकरावीला तिने विज्ञान घेतलं. सासरच्यांनी कारण विचारलं. नव्वदच्या पुढे टॅनचं काय होतं ते दहावीच्या पुस्तकात दिलेलं नाही, असं तिने सांगितलं.