रांगोळीच्या डब्यातली राख

शहागडला गोदावरीच्या दरडीत, कमरेइतक्या उंचीवर, राखेसारख्या मातीचा पांढरा पट्टा होता. बायका ती खरवडून आणत. तिनं भांडी लख्ख निघत, रांगोळीही होई.

माझा थोरला भाऊ तेव्हा हैदराबादला शिकत होता. सुट्टीत तो भिंग घेऊन तासन्‌तास दरडीपाशी बसे.

"दादा, रांगोळी हैदराबादला नेतोस का? तिथं कुणाच्या दारात काढणार?"

"हसू नको. माती न्हाई ही, काच हाय. बघ, फुटक्या बुडबुड्यांची टरफलं. कुठंतरी ज्वालामुखी फुटला, त्याची राख. काचेत काय काय किती हाय ते कळलं, की कोणत्या ज्वालामुखीची तेही कळतं."

ती राखच असल्याचं सिद्ध झालं तर त्याचे प्राध्यापक त्याला प्रयोगशाळेत घेणार होते. त्यानं नमुन्याचा डबा भरला आणि तो बंद करून प्राध्यापकांच्या नावानं टपालात टाकायचं काम माझ्यावर सोपवून तीर्थपुरीला गेला. डबा तीन बोटं रिकामा होता. अर्धवट भरलेलं काही मला तेव्हाही बघवत नसे. घरातल्या रांगोळीच्या डब्यात होती ती त्याच दरडीची. ती वर ओतून मी डबा शिगोशीग भरला आणि सुबक इंग्रजी चिठ्ठी चिकटवली.

पावसाळ्यात पूर आला आणि पट्ट्यासकट दरड घेऊन गेला. त्यानंतर प्राध्यापकांचं उत्तर आलं. मातीत चुना फार निघाला होता. ही ज्वालामुखीची काच नव्हे, नदीकाठची चुनखडीची माती, असं त्यांनी लिहिलं होतं. दादा पत्र ठेवून बाहेर गेला. आईला मी त्याचा अर्थ सांगितला.

"चुना?" आई म्हणाली. "रांगोळीत मी शिरगोळ्याची पूड घातल्ती, चुनखडीचाच दगड त्यो, बोटांतून बराबर सुटावी म्हणून. पण त्याच्या डब्यात ती कशाला जाईल?"

"न्हाई गेली," मी म्हणाले.

दादा तहसिलीत कारकून झाला. त्याच भिंगातून उर्दू कागद वाचत त्यानं आयुष्य काढलं. मला रोज सांगता आलं असतं. तो गेला त्या दिवशीही मी त्याच्या उशाशी बसून चादरीच्या घड्या सारख्या करत होते.

आता तुम्ही संशोधक मला लिहिता, "आजी, हल्ली एका कणावरूनही राख ओळखतात. त्या दरडीची चिमूटभर तरी उरली आहे का?" तुमचं पत्र वाचून मी माळ्यावरून घरातला तो रांगोळीचा डबा काढला. प्राध्यापकांचं उत्तर आलं त्याच दिवशी मी तो रिकामा करून घासला होता, उन्हात वाळवला होता. आत बोट फिरवून पाहिलं. बोटाला काही लागलं नाही.