चार पौंडांची लबाडी

बेळगावात माझं खेळाच्या सामानाचं छोटं दुकान आहे, पण सामान विकण्यापेक्षा माझा दिवस बॅडमिंटनच्या रॅकेटचं गटिंग करण्यात जातो. गटिंग म्हणजे जाळी विणणं. तार मशीनवर ओढायची, खेळाडू सांगेल तेवढ्या पौंडांचा ताण द्यायचा, पकडीत धरायची आणि पुढच्या भोकातून काढायची. उचगावात माझे वडील सुंभाच्या खाटा-बाजा विणायचे. त्यांचा हात माझ्यात उतरलाय असं लोक म्हणतात आणि मी नाही म्हणत नाही. काल रॅकेट धरलेली पोरं मोबाइलवर काहीबाही बघून येतात आणि तीस पौंड मागतात. मी त्यांना तोंडावर सांगतो, "आधी मनगटात जोर आण, मग ये." गिऱ्हाइकाशी असं बोलू नये म्हणतात. मी बोलतो.

पण एकदा कबूल केलं की सांगितलेला आकडा म्हणजे आकडा. तो चिठ्ठीवर लिहून मी रॅकेटच्या दांड्याला चिकटवतो. त्या चिठ्ठीवर मी आयुष्यात एकाच माणसासाठी खोटं लिहिलं, आणि ती माझी पोटची पोर.

ती सत्तावीस पौंडांवर खेळायची. तार जितकी ताठ तितकं शटल हवं तिथं पडतं, पण त्याला उडवायला ताकद आपल्याला लावावी लागते, आणि प्रत्येक फटक्याचा हिसका कोपरात येतो. तिचं कोपर दुखायला लागलं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, आणि खेळायचंच असेल तर ताण कमी करायला सांगितला. ही काय ऐकणार? राज्याच्या संघाची निवड वर्षावर आली होती. "कमी केलं की माझं शटल भाईर जातंय आप्पा. सत्तावीसच घाला." रात्री वेणी घालायला हात वर जात नव्हता तिचा. आईकडून घालून घ्यायची, आणि मला कळू नये म्हणून दार लोटून घ्यायची.

मला ते बघवेना. पुढच्या खेपेला मी साडेसव्वीस ओढले आणि चिठ्ठीवर सत्तावीस लिहिलं. तिला कळलं नाही. मग सव्वीस. ती तार लवकर तोडायची, त्यामुळे खेपा भराभर यायच्या. दर खेपेला अर्धा पौंड उतरवत मी तेवीसवर आलो आणि तिथं थांबलो. एवढ्या हळू उतरवलं की तिचा हात आपोआप त्याला सरावत गेला. कोपर दुखायचं थांबलं. एक दिवस ती स्वतःची वेणी स्वतः घालून दुकानात आली, तेव्हा मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. बापाची लबाडी लबाडी नसते असं काहीतरी त्या दिवशी मला वाटत होतं.

निवडीसाठी बेंगळुरूला जायचं होतं, आणि स्पर्धेआधी तिला नवी जाळी लागायची. नेमकी त्याच आठवड्यात माझ्या मशीनची पकड तुटली. सुटा भाग कोल्हापुराहून यायचा होता, तो आला नाही. ती म्हणाली, "असू दे, तिथं गटिंगवाले बसलेले असत्यात. त्यांच्याकडनं दोन्ही रॅकेटी करून घेतो." आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, "घेतो", "जातो".

स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी यायला वेळ होता. मी म्हणालो, "जरा कमी घालून घे गं. तेवीस, चोवीस."

ती हसली. "सत्तावीसवरच चाललंय की माझं वर्षभर. आता कशाला कमी?"

सांगायची वेळ हीच होती. तोंड उघडायचं होतं फक्त. पण निवडीला निघालेल्या पोरीला तिच्या बापानं वर्षभर फसवलं हे फलाटावर कसं सांगायचं, असं म्हणून मी गप्प बसलो. खरं तर मी भ्यालो होतो. गाडी आली, तिनं हात हलवला, मीही हलवला.

चौथ्या दिवशी ती परत आली ती कोपराला पट्टी बांधूनच. तिथल्या माणसानं इमानदारीनं सत्तावीस पौंड ओढले होते. तिचं शटल मागच्या रेषेपर्यंत जाईना. ते न्यायला ती जीव खाऊन मारत राहिली, आणि दुसऱ्या सामन्यात कोपर गेलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

ती मात्र त्या माणसावर भडकली होती. दुकानात बसून डाव्या हातानं फोनवर संयोजकांना तक्रार लिहीत होती. "त्याला गटिंग येतच न्हाय आप्पा. तीसच्या वर ओढलं असणार त्यानं. तुमच्या हातचं सत्तावीस मला म्हायती हाय की." असल्या माणसाला पुन्हा बसवू नका, असंही तिनं लिहिलं होतं.

तो माणूस मी कधी पाहिलेला नाही. पण तोही माझ्यासारखाच मशीनवर वाकून पोट भरणारा. मी म्हणालो, "ते पाठवू नकोस. त्याचं बरोबर हाय. माझं खोटं हुतं." आणि सगळं सांगितलं, अर्ध्या अर्ध्या पौंडानं कसं उतरवलं ते.

मला वाटलं ती ओरडेल. मी त्याची तयारी ठेवली होती. तिनं फोन उलटा करून काउंटरवर ठेवला.

"हरल्याचं काय न्हाय," ती म्हणाली. "मला वर्षभर वाटालतं, माझा हात बरा झाला."

एवढंच. आपलेच दात, आपलेच ओठ. बायकोलाही मला शिव्या देता येईनात. त्यानंतर ती स्पर्धा खेळली नाही. कोपर रोजच्या कामाला चालतं, स्मॅशला चालत नाही. आता ती निपाणीत मुलांना शिकवते आणि रविवारी त्यांच्या रॅकेटी घेऊन माझ्याकडे येते. माझ्याशी नीट बोलते, आईनं केलेली भाकरी खाते, मी औषध घेतलं का विचारते. दुसरीकडे काम नेत नाही, याचंसुद्धा मला ओझं वाटतं.

फक्त रॅकेटी हातात घेतल्या की ती फोन काढते. त्यात आवाजावरून ताण सांगणारी सोय आहे. एकेक जाळी बोटानं वाजवते, पडद्यावरचा आकडा माझ्या चिठ्ठीशी ताडून बघते आणि मग पिशवीत घालते. आकडा जुळतोच. देवाशपथ, इतकं जपून मी आयुष्यात कुणाचं काम केलं नसेल.

गेल्या रविवारी मला राहवलं नाही. म्हणालो, "एखादी तरी न मोजता ने की गं."

तिनं मान वर केली नाही. "पोरांना खरं किती हाय ते सांगावं लागतंय, आप्पा," म्हणाली, आणि पुढची रॅकेट उचलली.