तपासलेलं पाणी

"खाली ठेव. उंबऱ्याच्या बाहेर."

मी बाटली खाली ठेवली. बाईंनी तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि मगच ती उचलली. बाटलीच्या तोंडाला बांधलेला खाकी कागद भिजून फाटला. तो कागद फाटला की बाटली बाद. हे मला माहीत होतं. बाईंना माहीत नव्हतं.

रामदासपेठेतला बंगला. मालक वकील. मी तेवीस वर्षांचा, मॅट्रिक पास, सायकलवर लाकडी पेटी, पेटीत काचेच्या आठ बाटल्या. शहरभर हिंडून नळाच्या पाण्याचे नमुने आणायचे, ही माझी नोकरी. ज्या दप्तरात होतो त्याचं नाव लिहीत नाही. नाव घेतलं की सगळं त्या नावावर ढकलता येतं, आणि मला आज ढकलायचं नाही.

कामाची रीत अशी. बाटली भट्टीत भाजून निर्जंतुक केलेली असते. तळाशी चिमूटभर पांढरी पूड, पाण्यातल्या क्लोरीनचा जोर मारायला. बाटली विसळायची नाही. तारेला गुंडाळलेला कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवायचा, पेटवायचा, नळाचं तोंड चांगलं जाळायचं. मग पाणी थोडा वेळ वाहू द्यायचं, बाटली भरायची, झाकण लावायचं. हे सगळं ज्याचं त्यानं करायचं, दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही.

"बाई, विसळू नका. आत औषध आहे."

"औषध आहे? मग तर घासायलाच हवी."

त्या मोरीत गेल्या. राख घेतली, काथ्या घेतला, बाटली आतून-बाहेरून घासली. मी दारातूनच बघत होतो.

"नळ मला जाळावा लागतो, बाई."

"जाळायला नळ काय मेलाय?" त्या हसल्या. मग हसू गेलं. "स्वयंपाकघरातला नळ आहे तो. तुझा हात लागला तर दोन दिवस घासत बसावं लागेल मला."

माझी जात त्यांना कोणी सांगितली होती, मला ठाऊक नाही. विचारावी लागत नसे. आमच्या घरातले देव बापानं केव्हाच कन्हानच्या पात्रात सोडले होते. पण रामदासपेठेतल्या त्या उंबऱ्यापर्यंत ती बातमी पोचली नव्हती.

बाईंनी नळाचं पाणी घेतलंच नाही. पाणी साठवायच्या तांब्याच्या गुंडातलं शिळं पाणी ओगराळ्यानं बाटलीत ओतलं, तोंडावर बोट धरून झाकण बसवलं, बाटली उंबऱ्यावर ठेवली आणि मागे सरकल्या. मी ती उचलली. "येतो बाई," म्हणालो. सवयीनं.

तीन दिवसांनी अहवाल आला. पाणी पिण्यास अयोग्य.

दुसऱ्याच दिवशी वकीलसाहेब दप्तरात. आमच्या साहेबांच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाण्यात काही नाही हो. आणणारा हात बघा."

साहेबांनी मला बोलावलं. साहेब शिकलेले, रसायनशास्त्राचे. एका बोटानं काय होतं, राखेनं काय होतं, त्यांना पक्कं माहीत. मी तोंड उघडलं तर म्हणाले, "हात धुऊन दाखव."

कोपऱ्यात बेसिन होतं. कार्बोलिक साबण होता. सगळं दप्तर मान वर करून बघत होतं. मी कोपरापर्यंत हात धुतले.

"पुन्हा."

पुन्हा धुतले. वकीलसाहेब उठले, समाधानानं गेले. इथेच स्पष्ट लिहितो. मी नाही म्हणालो नाही. मी धुतले. दोनदा.

संध्याकाळी साहेबांनी मला व्हरांड्यात गाठलं. आवाज मऊ होता. "हे बघ, तुलाही ताप, मलाही ताप. पाणी शेवटी एकाच टाकीतून सगळीकडे जातं ना? अशा घरांच्या बाटल्या इथंच भरत जा. पत्ता तेवढा बरोबर लिही." व्हरांड्यातल्या नळाकडे त्यांनी हनुवटी केली.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? सुटल्यासारखं वाटलं. आता कुठल्या बाईच्या दारात उभं राहायला नको.

आधी फक्त रामदासपेठ व्हरांड्यात भरली. मग उन्हाळा आला, तेव्हा लकडगंज भरलं. आणि मग एक दिवस मी माझी स्वतःची वस्तीही तिथेच भरली.

हे का केलं, ते सांगणं सगळ्यात कठीण आहे. वस्तीत कोणी मला उंबऱ्याबाहेर उभं करत नव्हतं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी वस्तीतला सार्वजनिक नळ जाळायला बसलो, तर बाया घागरी टेकवून हसल्या होत्या. "पाहा वं, पोट्टा नळाले चूल समजून राहिला! भात टाकतं का गा?" आई त्यांच्यात उभी होती, आणि तिच्या तोंडावरचा अभिमान मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. पण एकदा व्हरांड्याची सवय लागली की वस्ती काय आणि बंगला काय. पत्ता लिहायचा. खाली सही करायची.

माझी धाकटी बहीण इंदू उमरेडकडे एका खेड्यात दिली होती. पहिल्यांदा दिवस गेले. सासू म्हणत होती, बाळंतपण इथेच करू. मी पोस्टकार्ड टाकलं. इथं दवाखाना जवळ आहे, तिथलं विहिरीचं पाणी नको, इथलं नळाचं पाणी मी स्वतः तपासतो. इंदू सातव्या महिन्यात माहेरी आली. ते पोस्टकार्ड ती पिशवीत घालून घेऊन आली होती. आल्याबरोबर शेजारणीला दाखवलं, "हे पाय, दादाची चिठ्ठी."

पाऊस सरत आला होता. वस्तीचा नळ ज्या पाइपातून यायचा, तो सांडपाण्याच्या नालीच्या पोटातून गेलेला. सकाळी पहिली घागर गढूळ यायची. मग वास यायला लागला.

मी जेवत होतो. आई चुलीपाशी बसली होती, इंदू भिंतीला टेकून.

"पानी वास मारून राहिलं गा," आई म्हणाली. "इंदूपुरतं उकळून देऊ का?"

मी ताटातून मान वर केली नाही.

"काहून? तपासलं हाये मी."

"मंग झालं!" इंदू हसली. "पान्याच्या साहेबाच्या बहिनीले कोन उकळून देते वं? आण इकडे." आणि गटागटा प्यायली.

एवढंच. चार शब्द. ते मी का बोललो, हे मला त्याच क्षणी माहीत होतं. तपासलं नाही म्हणालो असतो, तर आईनं विचारलं असतं, काहून नाही? मग व्हरांडा सांगावा लागला असता. मग साबण. मग दोनदा धुतलेले हात. बाहेर माझ्या हाताची किंमत काय होती ते मला कळून चुकलं होतं. घरात मात्र मी पाण्याचा साहेब होतो. तेवढी एक जागा मला सोडवेना. त्या जागेसाठी मी माझ्या बहिणीला ते पाणी पाजलं.

महिना झाला नाही तोच इंदूचे डोळे पिवळे झाले. गल्लीत आणखी चार घरांत कावीळ होती. ती माणसं पडून होती, हळूहळू उठली. पोटुशी बाईला ही कावीळ सोडत नाही, हे दवाखान्यातल्या डॉक्टरणीनं मला बाजूला घेऊन सांगितलं. पाचव्या दिवशी इंदू गेली. बाळ पोटातच गेलं.

आई रडली नाही. घरी येऊन तिनं गुंड उपडा केला आणि घासत बसली. घासतच राहिली.

वस्तीतल्या काविळीच्या चौकशीला बाहेरून एक डॉक्टर येणार असं कळलं. त्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. त्या दिवशी बसायला खुर्ची दिली. पहिल्यांदाच. टेबलावर कागद तयार होता. वस्तीतील सर्व नमुने योग्य आढळले. आजाराचं कारण, रहिवाशांच्या पाणी साठवण्याच्या गलिच्छ सवयी, उघडी व अस्वच्छ भांडी.

"तू त्याच वस्तीतला. तुझी सही असली की प्रश्न मिटला," साहेब म्हणाले. "तुमच्या लोकांना जरा शिस्त लावायलाच हवी होती, नाही का?"

मी कागद वाचला. पुन्हा वाचला. गलिच्छ सवयी. आमच्या घरात पाण्याच्या गुंडात कोणी हात बुडवलेला मी जन्मात पाहिला नाही. चिंच आणि राख लावून आई रोज तो घासायची. वर थाळी, थाळीवर ओगराळं. शेजारचं पोर नुसतं वाकून बघायला लागलं तरी ओरडायची, "सरक गा तिकडे, प्याचं पानी हाये!"

"साहेब, सही नाही करत."

"काय?"

"सही नाही करत."

"बहीण गेलीय, मी समजतो. पण जुन्या सगळ्या कागदांवर सही तुझीच आहे. नोकरी जाईल. खटला होईल."

"माझीच आहे. तेच सांगणार आहे उद्या."

मी कागद त्यांच्याकडे सरकवला आणि खुर्चीवरून उठलो. शूर-बिर काही नव्हतो मी. एवढंच कळत होतं की हा कागद गेला तर इंदूला आईच्या भांड्यांनी मारलं, असं सरकारदरबारी कायमचं लिहिलं जाईल.

दुसऱ्या दिवशी मी त्या डॉक्टरांसमोर बोललो. "ह्या कागदांतल्या बाटल्या वस्तीतल्या नाहीत. ह्या व्हरांड्यातल्या नळाच्या आहेत."

"कोणी भरल्या?"

"मी."

"कोणी सांगितलं?"

मी साहेबांकडे बोट केलं. साहेब म्हणाले, "डोकं फिरलंय त्याचं." डॉक्टरांनी वाद घातला नाही. भाजलेली बाटली मागवली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चल."

वस्तीचा नळ मी सगळ्यांसमोर जाळला. बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. कोणी हसलं नाही. त्या बाटलीत काय निघालं ते सांगायची गरज नाही. आठवड्यात नाली खोदली, पाइपाचा सांधा फुटलेला सापडला. मला काढून टाकलं. साहेबांना बढती मिळाली.

मी लकडगंजातल्या एका आरागिरणीत लागलो. आणि वस्तीत माझी हवा झाली. साहेबाच्या तोंडावर नाही म्हणणारा माणूस! सभांना बोलावू लागले. वीस वर्षं मी बोलतो आहे. बाईंनी घासलेली बाटली सांगतो, साबण सांगतो, सही नाही करत सांगतो. टाळ्या पडतात. पोरं उठून उभी राहतात. बाटल्या साहेबानं भरायला लावल्या, हेही सांगतो. आई पुढच्या रांगेत बसून ऐकते. घरच्या जेवणाची ती वेळ मात्र मी एकदाही सांगितलेली नाही. ते चार शब्द मी दर भाषणात गिळले. आईला वाटतं, पाणी एकाच टाकीचं हे साहेबाचं म्हणणं खरं धरून मीही त्या दिवशी फसलो होतो. तिनंच मला कितीदा समजावलं आहे, "तुले काय मालूम होतं गा."

मले मालूम होतं, आई.

बायको म्हणते, म्हातारीला आता सांगून काय मिळणार? काही नाही. माफी मागायची म्हणूनही मी सांगत नाही. तिची पोरगी कशानं मेली ते तिला पूर्ण कळलं पाहिजे. तिच्यापासून ते साहेबानं लपवलं नाही, वकिलानं नाही. मी लपवलं. आणि माझा वाटा कबूल केला म्हणून त्यांचा वाटा कमी होतो, असंही कोणी समजू नये. त्या बाईंचा, वकिलाचा, साहेबाचा वाटा मी सांगतच राहणार. फक्त यापुढे माझ्या वाट्यासकट.

रविवारी सभा आहे. पत्रिकेत माझं नाव छापलंय. त्याआधी आज, आई जेवून उठली की, तिच्यासमोर बसणार. ती शिव्या देईल, किंवा बोलायचीच बंद होईल. होऊ दे. रविवारी मंचावर तेच सांगणार, त्याच शब्दांत. टाळ्या थांबल्या तरी पुढचं वाक्य बोलणार.