वजीर आणि गणपतची रजा

दुबईतल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमींचे इतके किस्से साठलेत, की एक सांगायला घेतला की दुसरा मध्येच घुसतो. इतकी वर्षं बातमीदारी केली, पण मंत्र्यांनीसुद्धा एवढा मसाला दिला नाही!

नाटक मी लिहिलेलं. नायक अकराव्या शतकातला इराणी वजीर. मोठा विद्वान, मदरसे उभारणारा, दोन सुलतानांचा कारभार वाहिलेला. शेवटी दरवेशाच्या वेशातला मारेकरी अर्ज पुढे करतो आणि सुरा खुपसतो.

*

पहिल्याच मीटिंगमध्ये कमिटी म्हणाली, "इराणी कशाला? पेशवे घ्या ना, पगड्या तयार आहेत!"

मी भडकलो. "समोरच्या किनाऱ्यावर इराण आहे, आणि तुम्हाला तिथला एक माणूस माहीत नाही?"

तासभर भांडलो. वजीर इराणी राहिला. पगडी मात्र पुणेरीच!

*

सुलतान झाले पाटील, एका कन्स्ट्रक्शन कंपनीचे मालक. वजीर झाले त्यांचेच एचआर मॅनेजर देशपांडे. दौत ही वजिरीची खूण; सुलतान दम देतो, "तुझी दौत काढून घेईन!" वजिराने ताठ मानेने सुनवायचं, "या दौतीवरच तुमचा मुकुट टिकून आहे!"

देशपांडे दर तालमीला म्हणायचे, "...टिकून आहे, सर!"

*

मारेकरी होता त्याच कंपनीतला फिटर गणपत, मूळचा चिपळूणकडचा. धाकट्या बहिणीचं लग्न आठवड्यावर आलेलं, आणि रजेवर देशपांड्यांची सही नाही!

त्या दिवशी तालमीत वजीर सुलतानाला बजावत होता, "फिर्यादीचं गाऱ्हाणं स्वतःच्या कानांनी ऐका. मध्ये कुणी नको!" देशपांड्यांचे डोळे भरून आले. चहाला थांबलो तसा गणपत पुढे झाला.

"साहेब, माझ्या रजेचं?"

"बघू रे. इन्शाल्ला."

माझं डोकंच फिरलं. "अहो, आत्ता काय म्हणालात तुम्ही?"

"तो डायलॉग होता हो!"

*

प्रयोग. हॉल गच्च. शेवटचा प्रवेश. दरवेश झालेल्या गणपतने अर्ज पुढे केला. देशपांड्यांनी वाचला आणि चेहरा पडला. रजेचाच अर्ज! गणपतने कफनीत हात घातला. सुरा नाही, पेन निघालं!

"बघू..." वजीर पुटपुटला.

विंगेतून सुलतान ओरडले, "देशपांडे, करा सही! यल्ला, चला लवकर!"

सही झाली. गणपतने अर्ज कपाळाला लावला, वाकून नमस्कार केला आणि चालू लागला.

"अरे, मार ना मला!" वजीर कुजबुजला. माइक चालूच होता.

गणपत वळला. "आता कशाला, साहेब? काम झालं की!"