काचेच्या पडवीतले सहा दिवे

वायरमन एकतीस वर्षं एकाच कारखान्याच्या देखभाल खात्यात होता. यंत्रांना वीज पुरवणं हे तिथलं मोठं काम, पण त्याचं नाव झालं ते दिव्यांमुळे. लेथवर उभ्या असलेल्या माणसाच्या हाताची सावली कामावर पडू नये, तपासणीच्या टेबलावर चकाकी येऊ नये, हे तो बघे. नवा दिवा लावायचा झाला की आधी त्या कामगाराला उठवी, त्याच्या स्टुलावर स्वतः बसे आणि विचारी, "काम नेमकं कुठं होतं?" सुपरवायझरनं छतावर खडूनं खूण करून ठेवलेली असली तर ती पुसून टाकी. यावरून त्यानं बोलणी खाल्ली, एकदा मेमोही घेतला. पद्धत सोडली नाही. निवृत्त झाल्यावर ओळखीपाळखीची कामं करी, तीही अशीच.

ही पद्धत त्यानं एकाच घरी सोडली. ते घर बहिणीचं होतं.

बहीण त्याच्याहून चार वर्षांनी धाकटी. तिच्या घराला मागं पडवी आहे. मूळची उघडी, नंतर कमरेइतकी भिंत घालून वर तिन्ही बाजूंनी काचा बसवल्या आणि पत्र्याच्या छताला खालून लाकडी फळ्या ठोकल्या. चौदा फूट लांब, नऊ फूट रुंद. घराच्या भिंतीला पाठ लावून भावोजींची वेताची खुर्ची, समोर काचेला पाठ करून लांब लाकडी बाक. आल्यागेल्यानं बाकावर बसायचं, भावोजींनी खुर्चीत.

भावोजी कारखान्यात पत्र्याच्या शॉपमध्ये होते. पत्रा दाबून आकार देणारे प्रेस तिथं ओळीनं चालत. चौतीस वर्षांनी ते घरी आले तेव्हा कान तिथंच राहिले. मुलीनं कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं. पंखासुद्धा प्रेससारखा वाजतो म्हणून त्यांनी ते आठव्या दिवशी डबीत घातलं आणि डबी कपाटात टाकली. घरात मात्र 'जरा कमी ऐकू येतं' असंच म्हणत.

एका दुपारी बहिणीचा फोन आला.

"दादा, मागच्या पडवीत कायमचे दिवे करून दे."

"आहे की बल्ब."

"एकच आहे, तोही बाहेरच्या दारावर. ऐक जरा. हे दिवसभर चांगले असतात. बोलतात, भांडतात, शेजारचा शिंपी आला तर त्याला दोन तास सोडत नाहीत. दिवस मावळला की उठतात आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडतात. जेवायला हलवून उठवावं लागतं. आधी कधीतरी व्हायचं. आता रोज."

"वय झालं त्यांचं."

"तुझंही झालंय. तू पडतोस का?"

वायरमन उठून बसला. तोवर तो पडलेलाच होता.

"कशानं होतंय ते मला कळत नाही," बहीण म्हणाली. "पण अंधार पडला की होतं, एवढं दिसतंय. दिवे कसले लावायचे ते तू ठरव. हे संध्याकाळी माणसांत बसले पाहिजेत. नाहीतर वर्षभरात हे तोंड उघडायचंच विसरतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो टेप घेऊन गेला. पडवी उजेडानं भरलेली होती. त्यानं लांबी-रुंदी घेतली, फळ्यांवर आणि पत्र्याखाली किती जागा आहे ते हात घालून पाहिलं. खुर्चीत बसला नाही. घरचंच घर, त्यात काय बघायचं, असं त्याला वाटलं.

निवडीला अर्धा दिवस गेला. बहिणीला पिवळ्या काचेचा, झालरीचा लटकता दिवा हवा होता. वायरमन म्हणाला, काचा उघडल्यावर वाऱ्यानं हलेल, डोक्याला लागेल. भाचीनं फोनवरून कडेनं फिरवायच्या दिव्यांच्या रंगीत पट्ट्या सुचवल्या. वायरमन म्हणाला, "सर्कस आहे का?" शेवटी त्यानं छताच्या फळ्यांत बसणारे सहा गोल दिवे घेतले, नऊ-नऊ वॅटचे, पांढरे. अंधारामुळं माणूस आत जातो, तर अंधार ठेवायचा नाही. हिशोब सरळ होता.

काम तीन दिवस चाललं. फळ्या आणि पत्रा यांच्यात एक वीत जागा. तेवढ्यातून पाइप सरकवायचा, पाइपातून वायर ओढायची, आणि हे सगळं शिडीवर मान मागं टाकून. दोऱ्यानं दोन ओळी आखल्या, प्रत्येक भोकाचं माप दोनदा घेतलं, मग गोल करवत लावली. भावोजींनी शिडी धरली. वायरमनला स्क्रू ओठांत धरायची सवय होती आणि तो तसाच बोलायचा.

"पक्कड द्या."

भावोजी वर पाहत राहिले आणि त्यांनी पेचकस दिला.

"पक्कड, पक्कड," वायरमन ओरडला.

त्यांनी टेप दिली. बहीण आतून म्हणाली, "दादा, सगळी पेटीच वर घेऊन बस."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं बटण दाबलं. पडवी फटफटीत उजळली. कोपऱ्यातल्या कोळ्याच्या जाळ्याचे धागे मोजता आले असते.

"दुकान झालं दुकान," बहीण म्हणाली.

भावोजींनी वर पाहिलं. "ओळ सरळ आहे," ते म्हणाले. पत्र्याच्या शॉपमधल्या माणसाकडून ही मोठी शाबासकी होती. मग ते खुर्चीत बसले. वायरमन आणि बहीण बाकावर बसून बोलत राहिले. दहा मिनिटांनी भावोजी उठले आणि आत गेले.

"दमले असतील," वायरमन म्हणाला.

पाचव्या दिवशी बहिणीचा फोन आला. "हे अजून आत जातात."

"उजेड कमी पडतो?"

"ताटातला केस दिसतो. तरी जातात."

"मग दिव्यांचा दोष नाही."

"मी दोष म्हटलं का? आत जातात, एवढंच म्हटलं."

हे वाक्य वायरमनला रात्रीच्या जेवणापर्यंत पुरलं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो पडवीत हजर होता. बाकावर बसून त्यानं नेहमीसारखं मोठ्या आवाजात विचारलं, "पाठ कशी आहे आता?"

"हो, सकाळीच केली," भावोजी म्हणाले आणि गालावरून हात फिरवला. त्यांना दाढी वाटली होती.

बहिणीनं विचारलं, चहा टाकू का. ते म्हणाले, शिंपी उद्या येणार आहे. थोड्या वेळानं गुडघ्यांवर हात ठेवून उठले. वायरमन आडवा आला. त्यानं काहीतरी विचारलं. भावोजींनी कपाळाला आठ्या घातल्या, त्याच्या हनुवटीखाली बोटं लावली आणि घसा बघणाऱ्या डॉक्टरसारखं त्याचं तोंड वर, दिव्याकडं केलं.

"हं. आता बोला."

"उठून का जाता?"

"तुम्ही काय बोलता ते दिसत नाही म्हणून," भावोजी म्हणाले. "दिवसा दिसतं. आता तुमच्या मिशीखाली काही दिसत नाही."

बहीण उठून खुर्चीजवळ आली. पत्र्याच्या शॉपमध्ये कुणी आवाज काढून बोलत नसे. काढून उपयोग नव्हता. दोन यंत्रांच्या अंतरावरून माणसं नुसतं तोंड हलवत, आणि पलीकडच्याला कळे. शिव्या, थट्टा, जेवणाची सुट्टी, कुणाच्या घरी काय झालं, सगळं तसंच चाले. भावोजी तेव्हापासून ऐकत होते ते डोळ्यांनी.

"मला कधी सांगितलं नाहीत," बहीण म्हणाली. दोनदा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा तिनं तोंड वर केलं.

"मला तरी कुठं कळलं होतं? मला वाटायचं, संध्याकाळी माझे कान जास्त बसतात."

वायरमननं भावोजींना बाकावर बसवलं आणि स्वतः त्यांच्या खुर्चीत बसला. पहिल्यांदाच. समोर भावोजींचं कपाळ चमकत होतं, नाकाचा शेंडा चमकत होता. डोळ्यांच्या खोबणी काळ्या, आणि नाकाखाली सावलीचा एक डाग. तोंड हलत होतं की नाही तेही कळत नव्हतं. मागच्या काचेत सहाच्या सहा दिवे डोळ्यांवर येत होते. लेथवर असा दिवा लावणाऱ्याला त्यानं शिडीवरून खाली उतरवलं असतं. पडवीत नुसतं बसायचं असतं असं धरून तो चालला होता. काम कुठं होतं, हे त्यानं इथं कुणाला विचारलंच नव्हतं. काम समोरच्याच्या तोंडावर होत होतं.

त्यानं सहाही दिवे बंद केले. पेटीतून लांब वायरीचा होल्डर काढला, त्यात पिवळसर बल्ब लावला, बल्बला दुधी कागद गुंडाळला. भावोजी परत खुर्चीत बसले. बहिणीनं बाकामागचा पडदा ओढून काच झाकली आणि बाकावर बसली.

"आता तू बोल," वायरमन तिला म्हणाला. "आवाज काढू नको. नुसतं तोंड हलव. भावोजी सांगतील काय म्हणालीस ते."

त्यानं होल्डर खुर्चीच्या मागं, भिंतीला, डोक्याच्या पुष्कळ वर धरला. बहिणीनं तोंड हलवलं.

"नाही," भावोजी म्हणाले.

एक फूट खाली. बहिणीनं परत तोंड हलवलं.

"दादाला... काहीतरी. दादाला काय?"

आणखी अर्धा फूट खाली, आणि खुर्चीच्या डावीकडं. भावोजी पुढं वाकले. मग हसले.

"दादाला सांगू नका, म्हणते, पण ते सहा दिवे मला पहिल्यापासून आवडले नव्हते."

"पुढं?" वायरमन म्हणाला.

"झालरीचा छान होता, म्हणते."

"पुढं विचारू नका आता."

"म्हणते, लहानपणापासून असाच आहे, ऐकत नाही."

"माझे हात दुखतायत," वायरमन म्हणाला. "एवढं पुरे." त्यानं भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली. मग उजवीकडं तसंच करून दुसरी खूण केली. एका बाजूनं उजेड आला की नाकाची सावली दुसऱ्या गालावर जात होती. दोन बाजूंनी आला की राहत नव्हती. जमिनीपासून साडेचार फूट, खुर्चीच्या मध्यापासून दोन्हीकडं अडीच-अडीच फूट. भावोजी डोळे ताणून थकेपर्यंत ती मापं तपासणं चाललं. त्या संध्याकाळी ते आत गेले नाहीत.

काम मात्र पुन्हा करणं आलं. भिंत विटांची होती, बटणांच्या पाटीपासून दोन्ही खुणांपर्यंत मिळून पाइपासाठी अकरा फूट झिरी पाडायची होती. मशीन लावलं असतं तर तासात झालं असतं आणि घरभर लाल धूळ बसली असती. वायरमननं छिन्नी-हातोडी घेतली. इंच इंच खोल, पाइप बसेल इतकीच, प्लास्टर उगाच उडू द्यायचं नाही. दीड दिवस लागला. मनगट सुजलं, ते त्यानं बायकोला सांगितलं नाही, बायकोनं बघितलं. पाइप, पेट्या, वायर, अर्थिंग, मग सिमेंट. दुधी काचेचे दोन साधे दिवे, पिवळसर, सात-सात वॅटचे. छतातले चार दिवे त्यानं काढले. दोन केर काढायच्या सोयीसाठी वेगळ्या बटणावर ठेवले. चार भोकांत गोल चकत्या चिकटवल्या, पुट्टी भरली, घासली, रंग दिला. तरी वर पाहिलं की ओळखू येतात. आपली चूक किती मापाची होती, ते तिथं दिसतं, असं तो विचारलं तर सांगतो. विचारलं नाही तर सांगत नाही.

शेवटच्या संध्याकाळी शिंपीही आला. पडदा ओढला, भिंतीवरचे दोन दिवे लावले. बाकावर मधोमध शिंपी, त्याच्या एका बाजूला वायरमन, आणि अगदी टोकाला, दाराजवळ, बहीण चहाचा ट्रे घेऊन. शिंप्यानं कुठल्याशा गिऱ्हाइकाची गोष्ट सुरू केली. भावोजींनी ती मध्येच तोडली, म्हणाले, ही तू मागच्या महिन्यात सांगितलीस, तेव्हा पँट होती, आता कोट झाला. शिंपी म्हणाला, कापड वाढलं. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. भावोजी उठले नाहीत.

वायरमनचं लक्ष गोष्टीत नव्हतं. तो बाकाच्या टोकाकडं बघत होता.

"तो कोपरा कमी पडतो," तो भावोजींकडं तोंड करून म्हणाला. "तिथं अर्धी सावली आहे. दाराजवळ तिसरा लावावा लागेल."

"राहू दे," भावोजी म्हणाले. "घरात एक तरी जागा अशी असू दे, की तिथल्या माणसाचं मला ऐकावं लागणार नाही."

शिंपी हसला. बहिणीनं ट्रे मांडीवर ठेवला आणि तिथूनच, आवाज न काढता, तोंड हलवून काहीतरी म्हणाली. चांगलं लांबलचक म्हणाली. वायरमन शेजारी होता, त्याला थोडं कळलं; त्यानं पटकन कपात पाहिलं. शिंप्याला सगळं कळलं असावं, कारण त्याला ठसका लागला.

भावोजी पुढं वाकले. डोळे बारीक केले.

"काय म्हणाली?"

"काही नाही," वायरमन म्हणाला.

"काही नाही कसं? एवढं तोंड हललं."

"चहा गार होतोय, म्हणाली," शिंपी म्हणाला.

भावोजींनी तिघांकडं एकेक करून पाहिलं. दोघांचे चेहरे स्वच्छ दिसत होते आणि दोघंही खोटं बोलत होते, हेही स्वच्छ दिसत होतं. तिसरा चेहरा अर्ध्या सावलीत होता आणि तो हसत होता की नाही ते सांगता येत नव्हतं.

"तिसरा कधी लावता?" त्यांनी विचारलं.

वायरमननं कप खाली ठेवला. "आधी तुम्ही खुर्चीत नीट बसा," तो म्हणाला आणि टेप काढायला उठला.