सुगंधाचं वजन

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. गप्पा मात्र गाड्या भरभरून हाकल्या. घाटंजीच्या कापूसबाजारात मी मापारी. बैलांच्या चालीवरून गाडीत कापूस किती ते सांगायचो, आणि बैलसुद्धा मान डोलवून होकार द्यायचे! ते असो.

मण-शेर जाऊन नवे किलो नुकतेच आले होते तेव्हाची गोष्ट. माझ्या बायकोच्या, सुगंधाच्या, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी सुकल्या होत्या. त्यांचा रस तिला गोळीतून घ्यावा लागे — रोज, जन्मभर. यवतमाळच्या डॉक्टरांनी मला बजावलं : दर रविवारी एकाच काट्यावर वजन करा, वहीत लिहा, महिन्याला वही दाखवा, त्यावरून गोळी कमीजास्त करू. मापाऱ्याला याहून सोपं काय?

पहिल्याच रविवारी तिला बाजारच्या पारड्यात बसवलं. एक गाडीवान ओरडला, "का हो मापारी, कडता किती धरता?" कडता म्हणजे ओल्या कापसाची वजावट. सारा बाजार खिदळला. सुगंधाही हसली — "कोरडी हावो भाऊ, पुरी भरू द्या!" लाज वाटली ती मला. एकट्या मला.

मग — कसं सांगू? — मी वजन नजरेनंच लिहू लागलो. बेचाळीस. साडेबेचाळीस. तिला म्हटलं, माझी नजर काट्याहून पक्की. वही घेऊन एकटाच जायचो. डॉक्टर खूश, गोळी तेवढीच. इकडे ती म्हणे, "अवो, पोलकं ढिलं होऊन राह्यलं मले." मी शिंप्याला शिव्या घालायचो. उठताना चक्कर येते म्हणाली. तेव्हा तरी काट्यावर न्यावं की नाही? नाही नेलं.

एका सकाळी चुलीपुढून उठताना ती कोसळली. दवाखान्यात छत्तीस किलो भरली. सुया टोचून, सलाइन लावून डॉक्टरांनी तिला परत आणलं, मग वही चाळून विचारलं, "वजन तर चांगलं होतं. गोळ्या चुकवल्या का?"

सुगंधा वहीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "इसरली असन मी."

आणि मी? चार गल्ल्यांपलीकडे ऐकू जाणारा माझा आवाज — गप्प.

आज ती ठणठणीत आहे. दर रविवारी पारड्यात बसते, बाजार हसतो, मीही हसतो. घर सुखात आहे, खोटं कशाला बोलू? फक्त अजूनही गोळी घेतली की ती पदराला गाठ मारते, आणि दिवसभर ती गाठ चाचपत राहते.

ती एकही गोळी कधी विसरली नव्हती.